बेलसऱ्यांचं अपील

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या आमच्या चँडलरमध्ये कुणाकडे सत्यनारायण असला, की जेवणं आटोपल्यावर एखादे गृहस्थ मला हळूच गराजकडे बोलावतात. हातात प्रसादाची वाटी, नजर दाराकडे. "शैलाताई, एका मित्रासाठी विचारायचं होतं." मित्राला नाव नसतं. मित्राची नोकरी गेलेली असते, मित्राला भत्त्याचा अर्ज करायचा असतो आणि मित्राच्या बायकोला यातलं अजून काही माहीत नसतं. मित्राने काय करायचं ते मी मुकाट्याने सांगते. मग ते गृहस्थ वाटीतला शिरा एका घासात संपवतात आणि आत जाऊन चारचौघांत मोठमोठ्याने हसायला लागतात.

इथल्या मराठी मंडळींत माझं नाव "बेकारीवाल्या मावशी" असं पडलंय. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला कळतं. पडेना का! राज्याच्या बेकारी भत्ता खात्यात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. सोलापूरहून नवऱ्यामागून आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर परीक्षा देऊन खात्यात चिकटले, आणि रिटायर होईपर्यंत तिथून हलले नाही. मैत्रिणी आयटीत, बँकेत, मी बेकारीत. माझ्या सासूबाईंना गावात कुणी विचारलं तर त्या "सून सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगायच्या आणि लगेच चहा टाकायला उठायच्या.

काम काय होतं ते सांगते. इथे माणसाची नोकरी गेली, की दुसरी मिळेपर्यंत काही महिने राज्य त्याला दर आठवड्याला थोडे पैसे देतं. मालकाने त्यासाठी आधीच कर भरलेला असतो. म्हणजे ही भीक नव्हे, विमा आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण आपल्या माणसांना ते पटत नाही. गाडीला पोचा आला तर विम्याचे पैसे हक्काने मागतील, नोकरी गेली की तोंड लपवतील.

भत्ता द्यायचा की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. नोकरी गेली ती कशी, हा पहिला प्रश्न. आज काम मिळालं तर करायला मोकळे आहात का, हा दुसरा. मी कानाला हेडफोन लावून आधी माणसाला विचारायचे, मग मालकाला विचारायचे, आणि कुणाचं खरं धरायचं ते ठरवायचे. माझा निकाल ज्याला पटला नाही त्याने अपील करायचं. मग वरच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी, तीही बहुतेक फोनवरच, पण शपथेवर.

ऐकायला सोपं वाटतं. पण एका पुणेकरांना मी विचारलं, "काम करायला मोकळे आहात का?" तर म्हणाले, "तसं बघायला गेलं तर आहे. पण योग्य काम असावं, फिनिक्सच्या ट्रॅफिकमध्ये नको, आणि वरचा माणूस माझ्यापेक्षा लहान नको." मी म्हटलं, हो की नाही? तर म्हणे, "हे हो-नाहीत सांगण्यासारखं नाही, मॅडम." दुसरे एक जण घरी करमत नाही म्हणून मित्राच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायचे. पगार नाही, फक्त संध्याकाळी येताना भाजी घेऊन यायचे. ती भाजी कमाईत धरायची का, यावर आमच्या ऑफिसात वाद झाला. मेथीची जुडी म्हणजे काय, हे मी तीन अमेरिकन साहेबांना समजावलं. आणि टॅक्स! भत्त्यावरही फेडरल टॅक्स लागतो म्हटल्यावर भलेभले चवताळतात. "अहो, नोकरी नाही म्हणून देताय ना, मग त्यावर टॅक्स कसला?" आता तो काय मी लावला? आधीच कापून घ्या असं अर्जातच सांगून ठेवा, नाही तर एप्रिलमध्ये रडाल, एवढंच माझ्या हातात होतं.

असल्या गोष्टींनी मी तासभर हसवू शकते. पण लिहायला बसले ती बेलसऱ्यांसाठी. लिहावं की नको यात बरेच दिवस गेले. शेवटी त्यांच्या बायकोलाच, अलकाला, फोन करून विचारलं. ती म्हणाली, "नावं बदला आणि लिहा. मनातून जात तर नाहीच." तेव्हा नावं बदलली आहेत.

श्रीकांत बेलसरे नागपूरचे. इथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर होते, केस पांढरे होईपर्यंत तिथेच. खरं बोलण्याच्या बाबतीत माणूस अगदी त्रासदायक. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी कौतुकाने विचारलं, जेवण कसं झालं? तर हे म्हणाले, "भात कच्चा होता." अलकाने त्यांना त्या रात्री काय ऐकवलं असेल ते मी सांगायला नको. अलका घरातच दर रविवारी मराठी शाळा चालवायची. वीसेक पोरं हॉलभर बसून "बदक" वाचायची आणि इंग्रजीत भांडायची.

कौस्तुभ या घरात आला तो पुण्याहून पहिल्यांदा अमेरिकेत उतरला तेव्हा. त्याच कंपनीत लागला होता. बेलसऱ्यांनीच त्याला विमानतळावरून आणलं. अपार्टमेंट मिळेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, वरणाला फोडणी कशी द्यायची ते अलकाने. कामही बेलसऱ्यांच्याच हाताखाली शिकला. पोरगा हुशार, बोलका, अमेरिकन साहेबांत मिसळणारा. भराभर वर गेला आणि एके दिवशी बेलसऱ्यांचाच मॅनेजर झाला. दुसऱ्या कुणाच्या मनात कुठेतरी खुपलं असतं. बेलसऱ्यांनी त्या दिवशी पेढे वाटले. ऑफिसात तो त्यांना नावाने हाक मारायचा आणि पार्किंग लॉटमध्ये आलं की पुन्हा काका म्हणायचा.

त्याच पार्किंग लॉटमध्ये एका संध्याकाळी तो त्यांच्या गाडीपाशी येऊन उभा राहिला. आसपास कुणी नाही ना, हे पाहून मराठीत म्हणाला, "काका, मी हे सांगायला नको, पण लिस्टमध्ये तुमचं नाव आहे. शुक्रवारी तुम्हाला टर्मिनेट करणार आहेत. मी खूप ट्राय केलं. तुम्ही त्याच्या आधीच रिझाइन करा ना. निदान रेकॉर्डवर तरी येणार नाही."

त्याने हे प्रेमाने सांगितलं होतं, ही गोष्ट मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्याबद्दल मी बरंच वाईट बोलणार आहे. आपल्याकडे राजीनामा दिलेला माणूस ताठ मानेने फिरतो, आणि काढून टाकलेल्याबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. आयुष्यभर मनात हेच बसलेलं. त्या पोराला वाटलं, काकांची अब्रू वाचवतोय. काकांनाही तसंच वाटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा दिला, सगळ्यांचे आभार मानले आणि डब्यातली पोळी-भाजी परत घेऊन घरी आले.

काही आठवड्यांनी मुलीच्या आग्रहाखातर त्यांनी भत्त्याचा अर्ज केला. नोकरी का गेली, या प्रश्नाला उत्तर दिलं, राजीनामा दिला. खात्यातून फोन आला, तेव्हाही तेच सांगितलं. अर्ज नामंजूर झाला. मग अलकाचा मला फोन. "ताई, तुम्ही या हो. हे नुसते भिंतीकडे बघत बसतात."

मी गेले. डायनिंग टेबलाशी बसून सगळी हकिगत ऐकली. पार्किंग लॉटचं अलकाने सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो बेलसरे, शुक्रवारपर्यंत थांबला असतात तर मिळाला असता भत्ता!"

"काढून टाकलेल्याला कसा मिळेल?" ते म्हणाले.

घ्या! इतकी शिकलेली माणसं, पण ही समजूत प्रत्येकाची. काम जमत नाही म्हणून काढलं, तरी भत्ता मिळतो. चोरी केली, मारामारी केली, मुद्दाम नियम मोडला, तर नाही मिळत. आणि आपण होऊन सोडली, तर मात्र तसंच सबळ कारण दाखवल्याशिवाय दमडी मिळत नाही. अब्रूची आपली व्याख्या आणि इथला कायदा, दोन्ही अगदी उलट्या दिशेने चालतात. एका राजीनाम्यावर सही करून आपले किती लोक हातचं घालवून बसले, ते मी ऑफिसात रोज बघत होते. पण ऑफिसात मला कुणाला आधी सावध करता येत नसे. लोक माझ्यापर्यंत यायचे ते सगळं होऊन गेल्यावर.

"अजून गेलेलं नाही," मी म्हटलं. "अपील करू. काढणार हे नक्की होतं, वरच्याने तसं सांगितलं होतं, म्हणून आधीच राजीनामा दिला, असं असेल तर तो राजीनामा धरत नाहीत. काढलं असंच धरतात. तुम्ही शपथेवर एवढंच सांगायचं, की कौस्तुभ मला असं असं म्हणाला."

"त्याचं नाव घ्यायचं?"

"मग काय पार्किंग लॉटचं घ्यायचं?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "त्याने मला सांगायला नको होतं. कंपनीत कळलं तर त्याची नोकरी जाईल. तो अजून व्हिसावर आहे, शैलाताई. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाही तर देश सोडा. केतकीला आठवा महिना आहे."

केतकी म्हणजे कौस्तुभची बायको. तिचं डोहाळजेवण अलकानेच याच घरात केलं होतं. पण त्या दिवशी अलका भडकली. "आणि आपलं काय? आपलं घर? तुमची मुलगी काय म्हणाली ते सांगा ताईंना."

मुलगी श्रूजबरीला, मॅसॅच्युसेट्सला असते. ती म्हणाली होती, भत्ता मिळाला तर तो आणि माझी थोडी मदत यावर घराचे हप्ते काही महिने निघतील, तोवर बाबांना काहीतरी मिळेल. नाही मिळाला तर घर विकून माझ्याकडे या. मुलगी गुणाची, तिचं काही चुकलं नाही. पण अलकाला गाडी फार चालवता येत नाही. तिच्या मैत्रिणी, तिची शाळा, तिचं सगळं जग चालत जाण्याच्या अंतरावर होतं. या वयात लेकीच्या घरात बेसमेंटमध्ये राहायला जायचं म्हणजे काय, ते तिला पुरतं कळत होतं. आणि आणखी एक होतं. तिला कुणीतरी अधिकारी माणसाने म्हणायला हवं होतं, की तुमच्या नवऱ्याने पळ काढला नाही, त्याला घालवलं. ती माझ्यापाशी तसं स्पष्ट बोलली.

शेवटी बेलसरे तयार झाले. म्हणाले, "शपथेवर विचारलं तर मी खरं तेच सांगणार. पण कौस्तुभला तुम्ही साक्षीला बोलवायचं नाही." मी कबूल केलं. मला वाटलं, अधिकाऱ्यापुढे यांचा एकट्याचा शब्द पुरेल. या माणसाचा आवाज ऐकून कुणीही विश्वास ठेवला असता. अपील करा, असं मीच बसून त्यांच्या गळी उतरवलं. ते मला आजही झोंबतं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे पोचले. अपिलाला वकीलच लागतो असं नाही, सोबत माझ्यासारखं कुणीही चालतं. बेलसरे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला होता. अलका स्वयंपाकघराच्या दारात उभी. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

अधिकारी बाई होत्या. आवाज थकलेला, पण सभ्य. त्यांनी कोण कोण हजर आहे विचारलं. कंपनीकडून एचआरची एक बाई बोलली. ती म्हणाली, "आमच्यासोबत साक्षीला श्रीकांतचे मॅनेजर आहेत." आणि फोनमधून कौस्तुभचा आवाज आला. त्याने नुसतं आपलं नाव सांगितलं. बेलसऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मला खरंच माहीत नव्हतं. अर्थात माहीत असायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर बरोबर आहे. कंपन्या हेच करतात; माणसाला भत्ता मिळाला की त्यांचा कर वाढतो.

बाईंनी सगळ्यांना शपथ दिली. फोनवर कोण बघतंय? पण उजवा हात वर करा म्हटल्यावर बेलसऱ्यांनी खरोखर हात वर केला, अगदी सरळ.

आधी कौस्तुभची साक्ष झाली. बाईंनी विचारलं, "श्रीकांतना काढण्यात येणार आहे, असं तुम्ही त्यांना राजीनाम्याआधी सांगितलं होतं का?"

"नाही."

"तसं सुचवलं होतं?"

"नाही. त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. आम्हाला आश्चर्य वाटलं."

अलकाच्या हातातलं भांडं खाली पडलं. बेलसरे हलले नाहीत. बाईंनी मला विचारलं, साक्षीदाराला तुमचे काही प्रश्न आहेत का?

होते तर! माझ्याजवळ इतके प्रश्न होते, की त्या पोराला मी पाच मिनिटांत रडवलं असतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? खोटं बोलणाऱ्या माणसाला सरळ अंगावर घ्यायचं नसतं. त्याला जागा विचारायची, वेळ विचारायची, गाडी कुठे लावली होती ते विचारायचं. मग तो आपल्या पायात पाय घालून पडतो. मी सुरुवात केली.

"राजीनाम्याच्या आदल्या संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये तुम्ही दोघं बोललात का?"

"बोललो असू. आम्ही नेहमीच बोलतो."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

"ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाशी तुम्ही मराठीत बोलता?"

"नाही."

"त्या संध्याकाळी कुणाच्या गाडीपाशी उभे होतात?"

तो बोलेना. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात बेलसऱ्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. जोरात नाही, पण मला थांबावं लागलं. सुनावणी त्यांची होती. मी म्हटलं, "आणखी प्रश्न नाहीत."

मग त्यांची पाळी आली. बाईंनी फार नीट विचारलं. त्यांनाही कुठेतरी वास आला असावा, कारण त्यांनी घाई केली नाही. "तुम्हाला काढण्यात येणार आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? तुमच्या मॅनेजरने, किंवा आणखी कुणी? विचार करून सांगा."

बेलसरे फोनकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. "कुणी नाही. मी माझ्या मनाने सोडली."

मी फोन म्यूट केला. "अहो, काय बोलताय! शपथेवर आहात तुम्ही!"

"ताई, तो नाही म्हणालाय," ते मला मराठीत म्हणाले. "आता मी हो म्हटलं, तर खोटा कोण ठरेल?" आणि त्यांनी स्वतः हात लांब करून म्यूट काढला. बाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? ते म्हणाले, "कौस्तुभ चांगला मॅनेजर आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

भत्ता मिळावा म्हणून खोटं बोलणारी माणसं ऐकत ऐकत मी म्हातारी झाले. आजारी नसताना आजारी, काम करत असताना बेकार, सगळी नाटकं पाहिली. मिळणारा भत्ता घालवायला खोटं बोललेला मी हा एकच माणूस पाहिला.

फोन बंद झाला. अलकाने सकाळपासून गोडाचा शिरा करून ठेवला होता. तिने तो तसाच फ्रिजमध्ये ढकलला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुपारी मला कौस्तुभचा फोन आला. "मावशी," म्हणाला आणि रडायलाच लागला. मी काही त्याला समजावलं नाही. मी म्हटलं, "लाज वाटली नाही का रे? ज्या घरात पोटचं पोर असल्यासारखा राहिलास, त्या घरावर नांगर फिरवलास." तो म्हणाला, "मावशी, एचआरने मला आधीच विचारलं होतं, तू कुणाला सांगितलंस का? तेव्हा मी नाही म्हणून बसलो. मग आज हो कसं म्हणू? केतकीच्या डिलिव्हरीचा इन्शुरन्स माझ्या जॉबवर आहे. यार मावशी, मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा ना." मी फोन ठेवला. दोन माणसं एकमेकांचं भलं करायला गेली आणि दोघांनाही शपथेवर खोटं बोलावं लागलं, यावर कुठला कायदा लावायचा? मी आयुष्यभर निकाल दिले, पण हा मला देता आला नसता.

निकाल पोस्टाने आला. अपील फेटाळलं होतं. कारणांत लिहिलं होतं, की दावेदाराची साक्ष सरळ आणि विश्वासार्ह वाटली. ते वाचून अलका हसली. मला ते हसणं ऐकवेना.

"अजून वर अपील करता येतं," मी म्हटलं. बेलसऱ्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. "पुरे, शैलाताई." एवढंच.

घर विकायला निघालं. अलकाने शाळेतल्या पोरांना आपापली पुस्तकं वाटून टाकली. कौस्तुभला मुलगा झाला. अलका बघायला गेली नाही. बेलसरे गेले, एकटेच. बाळंतविडा नेला का, हे तिने त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कौस्तुभ दोनदा घरी आला, तेव्हा ती मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत राहिली. त्या उन्हात सगळ्या कुंड्या आधीच तुडुंब भरलेल्या होत्या.

निघायच्या दिवशी मी वाटेसाठी दशम्या घेऊन गेले. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता. रिकाम्या घरात आमचेच आवाज घुमत होते. विमानतळावर सोडायला कौस्तुभ गाडी घेऊन आला होता; बेलसऱ्यांनीच त्याला बोलावलं होतं. तो एकेक बॅग उचलून डिकीत ठेवत होता. अलका त्याच्यासमोरून गेली-आली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

शेवटी देव तेवढे राहिले. देव काही ट्रकमधून पाठवत नाहीत. अलकाने ते स्वच्छ पंच्यात गुंडाळून एका स्टीलच्या डब्यात ठेवले होते. डबा घेऊन ती ड्राइव्हवेत आली. मी सहज म्हटलं, "बेलसरे, देव तुम्ही घ्या मांडीवर. घरचे कर्ते तुम्ही."

ते मागे सरकले. "नको. अलका घेईल."

"तिच्या हातात पर्स आहे, पिशवी आहे. तुम्ही घ्या ना."

"मी हात लावत नाही आता," ते म्हणाले. मला समजेना. मग खाली बघत त्यांनी सांगितलं, "मी हात वर करून शपथ घेतली होती, शैलाताई. आणि खोटं बोललो. त्या दिवसापासून पूजा अलकाच करते."

घर गेलं, भत्ता गेला, ते सगळं मी समजून घेतलं होतं. पण हा माणूस इतके महिने रोज सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यापासून लांब बसत होता, हे मला माहीत नव्हतं. कौस्तुभलाही नव्हतं. त्याने हातातली बॅग खाली ठेवली. तो तसाच डिकीला धरून उभा राहिला.

मला वाटलं, आता अलका त्याच्यावर बरसणार. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं ओकून टाकणार. बरसली असती तर मी तिला अडवलं नसतं. पण ती गेली ती नवऱ्यासमोर.

"तुम्ही बोललात ते मी ऐकलं," ती म्हणाली. "मी दारातच उभी होते. देव्हारा माझ्या पाठीशी होता. त्यांनीही ऐकलं. मग ते गेले का आपलं घर सोडून? रोज घेतातच ना दिवा लावून? धरा."

बेलसरे हात पुढे करेनात.

"धरा म्हणते ना. मला एकटीला नाही पेलत."

तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. डबा हातात आल्यावर ते रडायला लागले, अगदी मोठ्याने, उघड्यावर, शेजारचे अमेरिकन बघत असताना. अलकाने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि गाडीचं दार उघडून त्यांना आत बसवलं. मग ती कौस्तुभकडे वळली. सुनावणीच्या त्या सकाळनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"तूही डोळे पूस. गाडी चालवायचीय तुला."